ताईची घडीची नाव

माझी लेक पुण्याला नोकरी करते. परवाच्या दिवाळीला ती ट्रॅव्हल्सनं दारव्ह्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेमागोमाग डिकीतून एक मोठं, चपटं, काळ्या पट्ट्यांनी आवळलेलं खोकं निघालं. मी ते उचलायला वाकलो तशी ती म्हणाली, "बाबा, जपून. नाव आहे ती."

मला वाटलं प्रवासानं तिला झोप आली असेल. मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. कापसाच्या गाड्या तोलता तोलता माझं आयुष्य गेलं, त्यामुळं कुठलीही वस्तू हातात घेतली की वजनाचा अंदाज आपोआप येतो. हे खोकं रिकाम्या गॅस सिलेंडरपेक्षाही हलकं होतं. एवढीशी वस्तू माणसाला पाण्यावर काय तोलून धरणार?

"घडीची नाव आहे," ती म्हणाली. "घरी चला, उघडून दाखवते."

घर म्हणजे पुढच्या दोन खोल्या ताईच्या आणि मागच्या आमच्या. ताई माझी मोठी बहीण. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि त्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून ती जमिनीवर हातांनी सरकते आणि बाहेर जायचं झालं तर हातानं दांडा फिरवायच्या तीनचाकीवर जाते. शिवणकाम हा तिचा व्यवसाय. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती हातानं चाक फिरवायच्या मशीनवर शिवायची, मोटर नंतर आली. चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस तिच्या दारात पांढऱ्या कापडांचा ढीग पडलेला असतो, आणि ती जेवायलासुद्धा मशीनवरून उठत नाही.

तिला उचलण्यात आमच्या घराच्या दोन पिढ्या गेल्या. आधी वडिलांनी उचललं, मग मी. शाळेच्या पायऱ्या, दवाखान्याच्या पायऱ्या, जीपचा फळका, लग्नाच्या हॉलचा जिना. उचलताना ती एक हात माझ्या मानेत टाकते, श्वास धरते आणि दुसरीकडंच कुठंतरी बघते. इतक्या वर्षांत उचलताना तिनं माझ्याकडं कधी बघितलेलं मला आठवत नाही.

लेकीनं खोकं गल्लीतच जमिनीवर ठेवलं. मशीन बंद करून ताई उंबऱ्यापर्यंत सरकत आली. लेकीनं पट्ट्या सोडल्या आणि झाकण काढलं तर आत नुसत्या फळ्या, बैठक आणि वल्ह्याचे तुकडे, नाव कुठंच नव्हती. म्हणजे ते खोकंच नाव होतं. कुरिअरवाल्यांकडं आतून पोकळ नळ्या असलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे डबे असतात, तसलाच पत्रा, पण जाड आणि चिवट. त्याच्या घडीत घडी, घडीत घडी. लेकीनं एकेक घडी मोकळी केली, तसा तो पत्रा गल्लीत लांबच लांब पसरत गेला. शेजारच्या दारापर्यंत गेला.

"बाबा, त्या टोकाला धरा आणि दोन्ही कडा वर उचला."

मी उचलल्या. पत्रा नुसताच फुगला आणि परत आडवा पडला.

"भाऊ, ते उलटं हाय," उंबऱ्यावरून ताई म्हणाली. "ती घडी बाहेरून पडाले पाह्यजे. तू आतून पाडून राह्यला."

लेक हसली. "पुण्यात पहिल्यांदा मी पण असंच केलं होतं, आत्या."

मी घडी फिरवली. मग जे झालं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. दोन्ही कडा वर आल्या, दोन्ही टोकं आपोआप निमुळती झाली, आणि पायाखाली जो पत्रा होता त्याला पोट आलं. पत्र्याची नाव झाली. लेकीनं टोकांची बक्कलं अडकवली, टोकांच्या फटींवर पट्ट्या सरकवून बसवल्या, मधे दोन आडव्या फळ्या खोचल्या म्हणजे बाजू आत दबू नयेत, तळाशी बैठक ठेवली, पाठीला टेकण लावलं. शेवटी पट्टे ओढून ओढून घट्ट केले. प्रत्येक पट्टा ओढला की नाव थोडी आणखी ताठ होई. वल्ह्याचेसुद्धा चार तुकडे होते. ते एकात एक बसवले तसं दोन्हीकडं पातं असलेलं लांब वल्हं तयार झालं.

गल्लीतले लोक जमले होते. माझी बायको दारात उभी राहून म्हणाली, "बरं झालं. पावसाळ्यात नालीचं पानी घरात आलं की यातच सैपाक करीन."

लेक सांगत होती. तिची खोली चौथ्या मजल्यावर, तिथं तिघीजणी राहतात. साधी नाव घ्यायची तर ठेवायची कुठं, आणि तलावापर्यंत न्यायची कशी? ही पलंगाखाली मावते. बसमधून नेता येते, जीपच्या टपावर टाकता येते, एकट्या माणसाला पाठीवर घेऊन चालता येतं. लोखंड नाही, म्हणून गंज नाही. कुठं चीर पडलीच तर चिकटपट्टी लावून काम भागतं.

ताईनं हात लांब करून एका घडीवरून बोट फिरवलं. कापडाचा पोत बघताना ती फिरवते तसंच.

"ही घडी किती डाव घालता येते?"

"हजारो वेळा, म्हणतात."

"आन् फाटत नाही?"

"नाही फाटत."

"कापडाची घडी तं ठेवल्या ठेवल्या विरते," ताई म्हणाली, आणि तिचं बोट त्या घडीवरून पुन्हा फिरलं. मग म्हणाली, "धरणावर जाणार असान तं मले बी घेऊन चला. पाह्याले."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. दिग्रसच्या बाजूला धरणाचं पाणी शेतांपर्यंत आलेलं आहे, तिथं जायचं ठरलं. काळीपिवळी जीपच्या टपावर नाव टाकताना ड्रायव्हरनं विचारलं, "हे काय हाय, कॅरम?"

"नाव हाय," मी म्हणालो.

"सांगाचं नसन तं नका सांगू ना भाऊ," तो म्हणाला आणि दोरी आवळली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी झाली होती, कापूस फुटला होता. जीपनं आम्हाला फाट्यावर सोडलं. तिथून पाण्यापर्यंतची पांदण चांगली होती, पण ताईची तीनचाकी घरीच राहिली होती. मी तिला पाठुंगळी घेतलं आणि लेकीनं नाव पाठीला लावली. असे आम्ही मागंपुढं चाललो. माझ्या कानाशी ताई म्हणाली, "तिचं ओझं बरं हाय. घडी होते त्याची."

मी तिला पाठीवर थोडं वर सरकवून घेतलं आणि चालत राहिलो.

पाणी समोर आलं तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. दूरपर्यंत पाणीच पाणी. मधेच बुडालेल्या झाडांच्या वाळक्या फांद्या वर आलेल्या, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. काठाला एक मासेमार जाळं सोडवत बसला होता. माझ्याच वयाचा असेल. त्याचा लाकडी डोंगा काठावर पालथा पडलेला होता. लेक नाव उघडायला लागली तसं त्याचं जाळं थांबलं. कडा वर आल्या, पट्टे आवळले गेले, आणि तो उठून जवळच आला.

"आमचा डोंगा उचलाले चार माणसं लागते," तो म्हणाला. "हे तं तुम्ही लुगड्यावानी घडी करून आणलं."

आधी लेक गेली. नाव पाण्याला लागली आणि सुळकन सरकली. लेक दोन-चार वेळा इकडून तिकडं जाऊन आली. मग मी बसलो. बसलो म्हणजे बसायला गेलो. एक पाय आत, एक बाहेर, आणि मी जोर कुठं दिला कोण जाणे, नाव एका अंगाला गेली आणि मी दुसऱ्या अंगाला. कमरेइतक्या पाण्यात धपकन आपटलो. काठावर ताई हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मासेमारही हसला.

मी निथळत बाहेर आलो आणि ताई म्हणाली, "आता मी."

"तू?"

"हाव. मी."

"ताई, तुले पोहता येत नाही."

"तुले तरी कुठी येते? आत्ताच तं पडला."

"माये पाय टेकले तळाले."

हे बोललो आणि तिथंच थांबलो. ताईनं ते मनाला लावून घेतलं नाही. ती पाण्याकडं बघत होती.

लेक माझ्याजवळ आली. "बाबा, जॅकेट आहे. नाव वरून सगळी उघडी आहे, उलटली तरी आत माणूस अडकत नाही. पण आपण आधी तेच करून बघू. आत्याला काठाशी मुद्दाम उलटवू. तिला भीती वाटली तर नाही नेणार."

मासेमार लुंगी खोचून पाण्यात उतरला. "मी उभा हाय ना भाऊ. इथं पानी लहान हाय."

लेकीनं ताईला जॅकेट घातलं, पट्टे ओढून बघितले. आम्ही तिला उथळ पाण्यात नावेत बसवलं, आणि लेकीनं "श्वास धर, आत्या" म्हणत नाव कलती केली. ताई पाण्यात गेली. एक क्षण तिचं डोकं दिसेना. मग ती वर आली, केस मोकळे, तोंडावर पाणी. जॅकेटनं तिला तरंगत धरलं होतं. ती उताणी झाली आणि एकदम ओरडली,

"पाह्य ना भाऊ! माये पाय!"

मी धावलो. मला वाटलं लागलं काहीतरी. पण तिचे पाय पाण्यावर आले होते. ते बारीक, वाळलेले पाय, जे ती पन्नासएक वर्षं मागं ओढत आली, ते हळूच वर येऊन तिच्यासमोर तरंगत होते. कुणी उचललेले नव्हते. पाण्याच्या हलण्यानं हलत होते. ताई त्यांच्याकडं टक लावून बघत होती. नव्या बाळाकडं बघतात तशी.

"हलकेच हायेत की," ती म्हणाली.

मासेमारानं तोंड फिरवलं.

त्यानंतर तिला कुणी नाही म्हणायचा प्रश्नच राहिला नाही. आम्ही नाव काठाच्या ओल्या चिखलात टेकवली. मी सवयीनं वाकलो.

"उचलू का?"

"नको," ती म्हणाली. "खालीच तं हाय."

खरंच खाली होती. नावेची कड तिच्या कमरेच्या उंचीची. ताईनं दोन्ही हात कडेवर ठेवले, अंग उचललं, आत सरकली, पाय एकेक करून हातानं आत घेतले आणि पाठ टेकणाला लावली. बैलगाडी, जीप, बस, सगळी वाहनं तिच्यासाठी कायम वर होती. पहिल्यांदाच एक वाहन तिच्या उंचीला आलं होतं.

लेकीनं वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, ओढायचं कमी आणि अंग फिरवायचं जास्त. मासेमारानं मागून ढकललं. नाव आधी वाकडी गेली, गोल फिरली, पुन्हा काठाकडं तोंड करून उभी राहिली. ताईनं मान खाली घालून वल्ह्याकडं बघितलं, हात थोडे लांब घेतले आणि पुन्हा सुरू केलं. मग नाव सरळ झाली. मशीनचं चाक फिरवलेले, तीनचाकीचा दांडा फिरवलेले तिचे हात. खांद्याला असा जोर की दारव्ह्याच्या चढावर ती तीनचाकी एका दमात चढवते. तोच जोर आता पाण्याला लागत होता, आणि पाणी तीनचाकीसारखं अडून बसत नव्हतं. नाव निघाली. निघाली ती निघालीच.

"आत्या, लांब नको!" लेक ओरडली.

ताईनं मागं बघितलं नाही. वाळक्या झाडांच्या पलीकडं काठ वळतो, त्या वळणामागं ती दिसेनाशी झाली.

मासेमार शांतपणे पालथा डोंगा सुलटा करू लागला. लेक त्याला हात लावत होती. पण माझ्यानं थांबवेना. मी काठाकाठानं पळालो. सोयाबीन काढलेल्या रानातून, ढेकळांतून, ओल्या चपला हातात घेऊन. कधी पाणी दिसे, कधी बाभळींमागं जाई. मी हाक मारत होतो आणि माझीच हाक मला परत ऐकू येत होती.

वळण संपलं आणि मी थांबलो.

आत एक मोठी खाडीसारखी जागा होती, पाणी आरशासारखं निवांत. त्यावर बदकं उतरली होती, शेकड्यांनी. हिवाळ्यात कुठून कुठून येतात ती, काही भगव्या अंगाची. त्यांच्या मधोमध ताई होती. तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि नाव आपली आपण वाहत होती. बदकं उडत नव्हती. नावेला आवाज नव्हता, इंजिन नव्हतं, लाकडावर लाकूड आपटत नव्हतं. ती जरा बाजूला सरत आणि नाव गेली की पुन्हा जवळ येत. एक तर इतकं जवळ होतं की हात लांब केला असता तर तिच्या हाताला लागलं असतं. तिनं हात लांब केला नाही. दोन्ही तळवे वर करून मांडीवर ठेवले होते, विहारात बसते तशी.

मी तसाच चिखलात बसलो. हिला मी जन्मापासून ओळखतो, असं मला वाटत होतं. ती कुठं ठेवली की तिथं असायची. खाटेवर, ओट्यावर, मशीनपाशी. कुणीतरी नेल्याशिवाय ती कुठं गेलेली नव्हती. आणि आता ती अशा जागी बसली होती जिथं मी काही केलं तरी जाऊ शकत नव्हतो.

बऱ्याच वेळानं तिनं मला बघितलं. हळू हळू वल्हं मारत काठाजवळ आली.

"पळत आला का?"

"हाव."

"कायले?"

"तू दिसतच नव्हती."

ती माझ्या ओल्या कपड्यांकडं, धापेकडं बघत राहिली. "लय मागं पडला तू," ती म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं. हे वाक्य तिनं आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. म्हणायची वेळच आली नव्हती.

तिकडून डोंगा घेऊन मासेमार आणि लेक आले, तशी बदकं एकदम उठली. पंखांचा असा आवाज झाला की ताईनं डोकं खाली घातलं, आणि मग तोंड वर करून ती सगळी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

लेक पुण्याला परत गेली ती रिकाम्या हातानं. नाव ताईच्या खोलीत मशीनमागं भिंतीला टेकून उभी राहिली. पहिल्या आठवड्यात ताईनं ती दार लावून तीन-चारदा उघडली आणि मिटली. जमिनीवर बसून सगळं करता येतं, हे तिला फार आवडलं. एका टोकाशी बसायचं, घडी सोडायची, सरकत दुसऱ्या टोकाशी जायचं, बक्कल लावायचं. उभं राहायचं काम कुठंच नाही. एक पट्टा सैल वाटला तर तिनं तो उसवून बॅगेच्या जाड कापडावर दुहेरी टीप मारून नवा बसवला. पुढं तर ती बोलता बोलता नाव बांधू लागली. मी शेजारी उभा राहून फक्त वल्ह्याचे तुकडे द्यायचो.

त्या हिवाळ्यात आम्ही कितीदा तरी गेलो. संक्रांतीच्या सुमारास पुसदला एका नातेवाइकांकडं गेलो होतो, तेव्हाही नाव सोबत होती. तिथल्या धरणावर आम्ही सकाळी पोहोचलो तर धुकं इतकं की पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. मी म्हणालो, ऊन पडू दे. ताई म्हणाली, काठाकाठानंच जाते. नाव बांधून झाली, ती आत बसली, मी ढकललं. चार हातांवर गेली आणि धुक्यानं तिला घेतलं.

मी काठावर उभा राहिलो. पाण्यातून वल्हं निघाल्याचा आणि त्यावरून थेंब गळाल्याचा आवाज येत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. मग तोही गेला. आता मात्र मी पळालो नाही. थंडी होती, पण मला थंडी वाजल्याचं आठवत नाही. त्या पांढऱ्या भिंतीपलीकडं माझी बहीण एकटी, आपल्या मर्जीनं कुठंतरी जात होती, आणि मी जागचा न हलता ऐकत उभा होतो.

जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी बाई धुणं घेऊन आली. माझ्याकडं, मग पाण्याकडं बघून तिनं विचारलं, "कोनाची वाट पाहून राह्यले?"

"बहिणीची."

"पान्यात गेली?"

"हाव."

ती माझ्याकडं संशयानं बघू लागली. तेवढ्यात धुकं विरळ झालं आणि नावेचं पांढरं टोक दिसलं, मागून ताई. तोंड लाल झालेलं, केसांवर दव. नाव चिखलात टेकली. म्हातारीनं धुणं खाली ठेवलं.

"कुठून आली माय?"

"त्या काठावरून," ताईनं वल्ह्यानं मागं दाखवलं.

"त्या काठावरून! अवं माय, पायी जाचं म्हटलं तं आख्खा दिवस जाते तिकडं."

ताईनं नावेच्या कडेवर दोन्ही हात टेकले आणि ती बाहेर सरकली. पदर पिळता पिळता तिनं मागं वळून धुक्याकडं बघितलं.

"पायी किती दूर हाय ते मले मालूम नाही बाई," ती म्हणाली. "पान्यातून तं लय जवळ हाय."